आमच्या घरात मी एकटाच खोकतो

१ नोव्हेंबर १९४६, शुक्रवार

पलटण सुटून एकोणीस वर्षं झाली, तरी दोन ओळी लिहून ठेवायची सवय सुटली नाही. काही घडलं नाही तर लिहीत नाही. आज लिहायचं कारण खोकला. भाऊबीजेला लागला, आज सातवा दिवस.

एरवी आमच्या घरात माझ्या खोकल्याला मान आहे. मी मळ्यातून आलो की दारात एकदा खोकतो. तेवढ्यावर दोघी सुना पदर डोक्यावर ओढतात, चुलीपुढची हसाहशी बंद होते आणि सोप्यात पाण्याचा तांब्या येतो. तोंडाने हाक मारावी लागत नाही. माझे वडीलही असेच खोकत. गावातले सगळेच वडीलधारे खोकल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाहीत.

पण हा नवा खोकला मला न विचारता येतो, आणि सुनांना दोन्हींतला फरक कळत नाही. आज सोप्यात बसून नऊ वेळा खोकलो, तर नऊ तांबे आले. आणलेलं पाणी परत पाठवणं बरं दिसत नाही, म्हणून सहा प्यालो. दिवसभर परसात चकरा. धाकटी सून बना धुणं वाळत घालत होती, ती पदर घ्यायच्या गडबडीत धुण्यासकट शेणाच्या पाटीत बसली.

खरी काळजी वेगळी आहे. धाकट्या लेकीचं, हौसाचं, विट्याच्या नाथाजींच्या मुलाशी जमत आलं आहे. मुलाचं मदुरेला सोनं गाळायचं दुकान आहे. एकोणीस तारखेला माणसं बघायला येणार. घरात कुणी खोकतंय म्हटलं की लोक पहिल्यांदा क्षयाचं नाव घेतात, आणि मग त्या घरची मुलगी कोणी करत नाही. तेव्हा एकोणीसच्या आत खोकला गेला पाहिजे. हौसाच्या आईला तसं बजावलं. (तिचं नाव भामाबाई, पण ते इथं लिहितो तेवढंच.) ती म्हणाली, "जाईल की," आणि पदर तोंडाला लावून लगबगीनं परसात गेली. माझी तिला फार काळजी वाटते असं दिसतं.

६ नोव्हेंबर, बुधवार

हौसाच्या आईने अडुळसा, ज्येष्ठमध आणि आल्याचा काढा सुरू केला आहे. सकाळ-संध्याकाळ एकेक पेला. पण एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. पातेलंभर काढा होतो, मी दोनच पेले पितो, आणि संध्याकाळी पातेलं कोरडं. म्हणजे काढा चोरीला जातो आहे.

संध्याकाळी सगळ्यांना उभं करून चौकशी केली. थोरला कृष्णात म्हणाला, "आबा, त्यो कडू काढा कोन चोरून पील?" धुळा गडी म्हणाला, "मला फुकट दिला तरी नको." बनाला मध्येच हसू फुटलं. राहीबाई, थोरली सून, काहीतरी बोलणार होती. "मामंजी, त्यो काढा..." एवढं म्हणाली आणि नेमका मला खोकला आला. झालं. दोघींनी पदर घेतला आणि आत गेल्या, पाठोपाठ तांब्या आला. चौकशी तिथंच राहिली. माझा संशय राहीबाईवर आहे.

९ नोव्हेंबर, शनिवार

पीरमहंमद येऊन गेला. हा पहिल्या लढाईत बसऱ्याला आमच्या पलटणीत जखमा बांधणारा ड्रेसर होता, आता बाजारात औषधाचं नि अत्तराचं दुकान चालवतो. गावात मला 'अरे' म्हणणारा एवढाच उरला आहे.

"सुभेदार, किती दिस झालं?"

"पंधरा."

"विड्या किती वडतोस?"

"पाच."

"खरं सांग."

"पंचवीस."

मग त्याने वकिलासारखे प्रश्न विचारले. संध्याकाळची कणकण येते का? रात्री घामानं अंथरूण भिजतं का? जेवण उतरलं का? कापडं सैल झाली का? थुंकीत रगात? मी प्रत्येकाला मोठ्यानं 'नाही' म्हटलं. शेवटच्या प्रश्नाला आत हौसाच्या आईच्या हातून परात पडली. हल्ली तिच्या हातून भांडी फार पडतात.

पीरमहंमद म्हणाला, "ह्यातलं येक जरी असंल तर माझ्या दुकानात येऊ नगं, सरळ मिरजंला जा. आन् काय बी नसंल, पर तीन आठवडं होऊन बी खोकला ऱ्हायला, तरी मिरजंलाच जा. खोकला मोठा का बारीक, त्येच्यावर जाऊ नगं. दिस मोज."

म्हटलं, "एकोणीस तारखेपर्यंत मिरजेचं नाव काढायचं नाही. गावात बोभाटा होईल."

तो जाताना दाराकडे बघून जरा मोठ्यानंच म्हणाला, "हे मी निसतं तुझ्यासाठी बोललो न्हाई. घरातल्या समद्यांसाठी हाय." पीरमहंमद आता म्हातारा झाला. मी समोर बसलो असताना दाराशी बोलतो.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

वजन उतरतंय का हे बघायला गुऱ्हाळावर गेलो. गुळाच्या मोठ्या काट्यावर एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मापं. एक मण छत्तीस शेर. गुळव्या म्हणाला, "सुभेदार, दिवाळीच्या आदी बसला हुता तवा चौतीस भरला हुता." म्हणजे खोकला लागल्यापासून मी दोन शेर वाढलो. काढ्यात गूळ असतो, त्याचा परिणाम असावा.

मग विचार केला, लग्नाआधी घरच्या सगळ्यांचीच नोंद असावी. दुपारी जेवण घेऊन बायका आल्या, त्यांनाही बसवलं. बना लाजत लाजत बसली. हौसा बसली. हौसाची आई काही केल्या बसेना.

"मी काय गुळाची ढेप हाय व्हय? लोकं हसत्याली."

"सगळ्या बसल्या, तुला काय होतंय?"

"मला चक्कर येती त्या काट्यावर."

अजून बसली नव्हती, तर चक्कर कुठून आली? राहीबाईने तिचा दंड धरून पुढं ओढायला बघितलं. सासूला असं ओढणं मला आवडलं नाही. मी रागानं खोकलो. सगळ्या पदर घेऊन घराकडे चालू लागल्या.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

झालं! जमलं!

सकाळी नऊला नाथाजी चार माणसं घेऊन आले. दारात आल्यावर ते खोकले. आतल्या बायकांनी पदर घेतला. उत्तरादाखल मलाही एकदा खोकणं भाग होतं, पण एकदा सुरू झालं तर थांबणार नाही ही भीती. म्हणून नुसता हात जोडून उभा राहिलो. तोंडात पीरमहंमदने दिलेला ज्येष्ठमधाचा तुकडा आणि गालात गुळाचा खडा.

बोलणी सुरू झाली. हौसा पोहे घेऊन आली. नाथाजींनी तिला नाव विचारलं, मामाचं गाव विचारलं, आणि नेमका तेव्हा माझ्या घशात खोकला येऊन बसला. मी श्वास कोंडून धरला. कानातून वाफ निघेल असं वाटलं. तोंड लालबुंद, डोळ्यांतून घळाघळा पाणी. नाथाजी बघतच राहिले. मग उठून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सुभेदार, लेकीवर येवढा जीव! लढाईवरचा मानूस, आन् पोरगी जानार म्हून रडतोय. आमाला दुसरं काय बगायचंच न्हाई. पोरगी पसंत हाय."

मला बोलता येत नव्हतं, म्हणून मान हलवली. लग्न माघात. साखर वाटली.

एकच गोष्ट खटकली. एवढी सोयरी माणसं घरात, आणि हौसाची आई जेवणं होईपर्यंत तीनदा गोठ्यात गेली. ऐनवेळी म्हशीशी काय काम असतं? पाहुणे गेल्यावर जरा बोललो. तिने ऐकून घेतलं. मग हौसाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "ठरलं येकदाचं. आता काय व्हायचं ते हू दे." एवढ्या आनंदाच्या दिवशी असं कोण बोलतं?

२७ नोव्हेंबर, बुधवार

विड्या कमी केल्या आहेत. पीरमहंमदला सांगितल्या पाच, ओढल्या सोळा. खोकला आहेच, पण थोडा नरमला.

त्यामुळं आज एक चमत्कारिक गोष्ट झाली. मळ्यातून आलो आणि दारात खोकायचं विसरलो. आत सुना उघड्या डोक्यानं सासूपाशी बसल्या होत्या. राहीबाई रडवेल्या आवाजात म्हणत होती, "आत्याबाई, आता तरी सांगा की मामंजींस्नी. ठरलंय न्हवं लगीन?" आणि हौसाची आई म्हणाली, "अक्षता पडू द्या, मग सांगीन. तवर तोंडातनं शबूद काढशीला तर माझी आन हाय."

मी पाय न वाजवता मागं फिरलो. सगळं ध्यानात आलं. सुनांना लग्नात इरकली लुगडी पाहिजेत, आणि सासू मला सांगायला भिते आहे. माझा घरात धाक आहे हे खरं, पण लुगड्यासाठी रडावं एवढा? वाईट वाटलं. दोघींना घ्यायचीच असं ठरवलं.

१० डिसेंबर, मंगळवार

सहा आठवडे होऊन गेले. आज पीरमहंमदने दुकानासमोर अडवलं. "ज्येष्ठमध द्याचं मी बंद केलंय. राहीबाईला बी दिला न्हाई. मिरजंला जातोस, का तुझ्या दारात यून वरडू?" राहीबाई ज्येष्ठमध न्यायला येते हे मला नवीनच. म्हणजे काढ्याची चोर तीच.

परवा गुपचूप मिरजेला जायचं ठरवलं. घरी सांगितलं, सांगलीला लुगडी आणायला जातो. तर हौसाची आई म्हणाली, "मी बी येती." तीस वर्षांत ती कधी बाजाराला माझ्याबरोबर येते म्हणाली नाही. मी नको म्हटलं. राहीबाई दाराआडून म्हणाली, "जाऊ द्या की मामंजी, बायकांच्या लुगड्यातलं तुमास्नी काय कळतंय?" सून मला उलट बोलली. मी खोकलो. आज पहिल्यांदाच ती जागची हलली नाही. शेवटी हौसाच्या आईला बरोबर न्यायचं कबूल केलं.

१२ डिसेंबर, गुरुवार. मिरज, धर्मशाळा

जसं घडलं तसं लिहितो.

भिलवडी स्टेशनवर मी तिकिटं मिरजेची काढली. सांगली सोडून मिरज का, हे तिनं विचारलं नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिला बाकावर बसवलं आणि म्हटलं, "पलटणीतला एक दोस्त इथं आजारी आहे, भेटून येतो." ती बरं म्हणाली.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठ ठोकली, यंत्रानं छातीचा फोटो काढला. तासाभराने बोलावलं. "सुभेदारसाहेब, छाती साफ आहे. हा विड्यांचा आणि गुऱ्हाळाच्या धुराचा खोकला. विडी सोडा, आठ दिवसांत जाईल." मला एवढा आनंद झाला की टाचा जुळवून सलाम ठोकला.

डॉक्टर म्हणाले, "घरात आणखी कुणाला खोकला?"

मी म्हटलं, "नाही. आमच्या घरात मी एकटाच खोकतो." आणि सांगतो, छाती फुगवून म्हटलं.

"मग बाहेर तुमच्याबरोबर आलेल्या बाई कोण? आमची सिस्टर तासभर बघते आहे. तोंडात पदराचा बोळा कोंबून खोकताहेत."

तिला आत आणलं. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस? तिनं माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"गौरीपासनं."

गौरी-गणपती होऊन तीन महिने उलटले. माझा खोकला लागला त्याच्या कितीतरी आधीपासून. ताप? "सांजंची कणकण असती." घाम? "रातीला दोनदा चोळी बदलती." जेवण? "जात न्हाई." तिनं बांगड्या वर सरकवल्या, त्या कोपरापर्यंत गेल्या. रक्त? तिनं दोन बोटं वर केली, म्हणजे दोनदा.

पीरमहंमदने मला विचारलेले सगळे प्रश्न होते. तो दाराशी का बोलत होता ते आत्ता समजलं.

"बाई, अहो सांगायचं नाही का कुणाला?" डॉक्टर म्हणाले.

"पोरीचं ठरायचं हुतं. आन् घरात ह्येंच्यापुढं मी कशी खोकू? सासूनं पयल्याच वर्षी सांगितलं हुतं, बाईमानसाचा आवाज भाईर जाऊ नये."

तपासायला थुंकी हवी होती. डॉक्टरांनी तिच्या हातात डबी दिली. "खोका. खोलवरून, जोरात." ती डबी धरून बसली. चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, पण आवाज फुटेना. "खोका, बाई. लाजू नका." तिनं पुन्हा माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांच्या लक्षात आलं. "सुभेदार, तुम्ही बाहेर जा."

मी बाहेर जाऊन दाराला पाठ लावून उभा राहिलो. थोडा वेळ काहीच नाही. मग आतून खोकला आला. खोल, ओला, संपता संपेना असा. तीस वर्षं एका घरात राहिलो आणि हिचा खोकला मी आज पहिल्यांदा ऐकला. मला फार लाज वाटली. भीतीही वाटली, बसऱ्याला वाटली नव्हती एवढी.

१४ डिसेंबर, शनिवार

तिच्या छातीच्या फोटोत डाव्या बाजूला वरती डाग आहे. क्षयच. डॉक्टर म्हणाले, "दुसरी बाजू चांगली आहे. लग्न उरकून आला असतात तर अवघड होतं." मिरजेबाहेरच्या आरोग्यधामात तिला ठेवून घेतलं. घरातल्या सगळ्यांना तपासायला आणायचं आहे.

आज घरी येऊन राहीबाईवर ओरडलो. "मला का नाही सांगितलं?"

ती रडत होती, तरी चिडून म्हणाली, "चारदा आलती की सांगाय. म्या तोंड उघडलं की तुमी खोकायचा, आन् पदर घ्यून आत जायाची आमची सवय. गुऱ्हाळावर त्यांस्नी काट्यावर बसवाय ओढत हुती, तवा बी खोकला. मग त्यांनी आन घातली. पीरचाचांस्नी तर म्या काढ्याच्या चौकशीनंतरच जाऊन सांगितलं हुतं."

विडीचं बंडल धुळाला देऊन टाकलं. मग वाटलं, त्याला तरी कशाला? परत घेऊन चुलीत घातलं. धुळा नाराज आहे.

२१ डिसेंबर, शनिवार

विट्याला जाऊन नाथाजींना सगळं सांगितलं. लपवणार नाही असं ठरवून गेलो होतो. त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "तवा तुमच्या डोळ्यांस्नी पानी आलं हुतं, ते..."

म्हटलं, "खोकल्यानं."

"लेकीसाठी न्हवं?"

"थोडं लेकीसाठीही असेल. पण मुख्य खोकल्यानं."

नाथाजी म्हणाले, "मला आठ दिस द्या." चहा दिला, पण बशी जरा लांबूनच पुढं सरकवली. परतीच्या मोटारीत मी ठरवून टाकलं की सोयरीक मोडली. हौसाला काय सांगायचं याचा विचार करत आलो. ती दारातच उभी होती. म्हणाली, "आबा, लगीन मोडलं तर मोडू दे. आई बरी हू दे."

३० डिसेंबर, सोमवार

घरच्यांना तपासायला मिरजेला नेलं. सगळ्यांच्या छात्या साफ निघाल्या. राहीबाई फोटोच्या यंत्रापुढं उभं राहायला भ्याली, पण शेवटी उभी राहिली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर कोण? नाथाजी, आणि शेजारी मदुरेहून बोलावलेला मुलगा. मला बघून नाथाजी ओशाळले.

"तुमी गेल्यावर आमच्या मालकीनबाई म्हनल्या, 'दुसऱ्याला नावं ठिवताय, तुमी सवता वैशाखापासनं खोकताय ते?' मग म्हटलं, आधी आपलं बगावं. पोरगं बी भट्टीच्या धुरात काम करतंय, त्येला बी आनला."

दोघांचंही काही निघालं नाही. नाथाजींना डॉक्टरांनी विडी सोडायला सांगितली. ते मला हळूच म्हणाले, "सुभेदार, तुमी कशी सोडली वो?" मग उठताना म्हणाले, "लगीन माघात नको. वैशाखात करू. आईला अक्षता टाकाय यायला पायजे. वैशाखात न्हाई जमलं तर म्होरल्या साली."

मी त्यांच्यासमोर रडलो. या वेळी खोकला नव्हता.

१९ जानेवारी १९४७, रविवार

दर रविवारी सकाळच्या गाडीने मिरजेला जातो. तिची खाट व्हरांड्यात, वारा येतो तिथं. बरोबर दशम्या, अंडी आणि सुनांनी दिलेला तीळगूळ नेला. संक्रांत तिच्याशिवाय घरात पहिलीच.

आठ दिवसांत ताप नाही, वजन सव्वा शेर वाढलं. आजारी फुफ्फुसाला विसावा मिळावा म्हणून छातीत सुईने हवा भरतात, ते ती मला फार सोपं करून सांगते. डॉक्टर म्हणाले, अजून सहा-आठ महिने तरी राहावं लागेल, आणि पुढचं आत्ता सांगता येत नाही. मी तेवढं तिला सांगितलं नाही. तिला ठाऊक असावं.

मी खाटेपाशी उभा होतो. म्हटलं, "करमत नसेल ना? काही कमी-जास्त असेल तर सांग."

"काय बी कमी न्हाई," ती म्हणाली. मग इकडंतिकडं बघून, गुपित सांगावं तसं हळू म्हणाली, "खरं सांगू? हितं लय बरं वाटतंय. पोटभर खोकाय मिळतं. कोन काय म्हनत न्हाई."

माझा चेहरा बघून तिलाच हसू आलं आणि हसता हसता खोकला आला. चांगला मोठा, शेजारच्या चार खाटांनी ऐकावा असा. तिची नजर सवयीनं माझ्याकडे वळली, पदर तोंडाकडे जायला लागला. मी थुंकीची डबी उघडून तिच्या हातात दिली आणि तिचा खोकला पुरता संपेपर्यंत तिथंच उभा राहिलो.